लिलावाचे उद्दिष्ट ठरवताना

(एका विद्यार्थी वसतिगृहाच्या निधिसंकलन बैठकीत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



वसतिगृहाच्या नव्या मजल्याला 12 लाख रुपये लागणार, म्हणून लिलावाचे उद्दिष्टही 12 लाख, असे मघाशी येथे एकमुखाने ठरले. आपल्या उत्साहावर विरजण घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु गरजेचा आकडा वेगळा आणि लिलावातून येऊ शकणारा आकडा वेगळा.

आपल्यापैकी काहींच्या मनात टिळक स्वराज्य फंड असेल. लोकमान्यांच्या पश्चात 1921 साली बेझवाड्यात 1 कोटी रुपयांचा संकल्प सुटला, 30 जूनची मुदत पडली आणि तो पुराही झाला. मात्र त्यासाठी अवघा देश झोळी घेऊन हिंडत होता. लिलाव एका सभागृहात, दोन-तीन तासांत आटोपतो. 1933-34च्या हरिजन यात्रेत गांधीजी भेटवस्तूंचा लिलाव भर सभेत करीत. साध्या वस्तूला मोल येई ते त्या हातांमुळे. 2015 साली सुरतेत पंतप्रधानांचा सूट गंगाशुद्धीसाठी 4 कोटी 31 लाखांना गेला, तेही तसेच. आपल्या यादीत असे काही नाही, हे मान्य करूनच हिशेब मांडावा.

आपल्याकडे 40 वस्तू आहेत: चित्रे, पैठण्या, दोन जुनी घड्याळे. त्यांचा बाजारभाव सुमारे 8 लाख. बोली चढते ती एकाच वस्तूवर निदान दोघांचे मन बसले तरच. एकच इच्छुक असला की ‘एकवार, दोनवार, तीनवार’ म्हणून वस्तू किमान बोलीतच सुटते. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे संभाव्य दोन घरांची नावे लिहा. जिथे दुसरे नाव सुचत नाही, तिथे निम्मीच किंमत धरा. माझ्या अंदाजाने 5 लाख होतील. सभागृह, मंडप, अल्पोपाहार यांचे 75 हजार वजा जाता हाती 4 लाख 25 हजार. उरलेले 7 लाख 75 हजार घरोघरी जाऊनच मागावे लागतील, आणि ते काम लिलावाआधी सुरू व्हायला हवे.

काही वर्षांपूर्वी एका शहरातील अशाच लिलावाचे मी वार्तांकन केले होते. व्यासपीठामागे 10 लाखांचा फलक; जमले साडेतीन लाख. रक्कम लहान नव्हती. तरीही त्या फलकाखालून देणारेच ओशाळून घरी परतले. पुढच्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

आणखी एक. वस्तूच्या मोबदल्यात दिलेली रक्कम म्हणजे निव्वळ देणगी नव्हे. तेव्हा करसवलतीचे आश्वासन व्यासपीठावरून कोणी देऊ नये. आधी संस्थेच्या लेखापालांना विचारावे.

तूर्त पत्रिकेत आकडा छापू नका. नावे भरलेली यादी घेऊन रविवारी पुन्हा बसू.