थंडीच्या पहाटे जुना ट्रॅक्टर कसा सुरू करावा?
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मार्गशीर्ष-पौषात आपल्या जालना जिल्ह्यात पहाटेचा गारठा अंगाला झोंबतो. काही दिवस पारा १० अंशांच्या खाली येतो. नेमक्या याच दिवसांत ट्रॅक्टरला पहाटेची कामे असतात. कडवंचीच्या द्राक्षबागायतदाराला ऊन आणि वारा वाढण्यापूर्वी फवारणी उरकायची असते. अंबड-घनसावंगीकडचा ऊस वेळेत कारखान्यावर पोहोचवायचा असतो. अशा वेळी पंधरा-वीस वर्षे वापरलेला ट्रॅक्टर सुरू होत नाही, आणि घाईत माणूस नको तो उपाय करून बसतो. म्हणून आज या विषयावर आपल्याशी चार गोष्टी बोलणार आहे.

इंजिन थंडीत का अडते?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते, की नोझलमधून आलेले डिझेल आपोआप पेट घेते. थंडीत यात तीन अडचणी येतात. पहिली, गार बॅटरीची ताकद कमी होते. दुसरी, चेंबरमधील ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरते. तिसरी, इंजिन हळू फिरल्यामुळे दाबलेली हवा झिजलेल्या रिंगांमधून निसटते आणि तिची उष्णता गार लोखंड शोषून घेते. नवे इंजिन हे सहन करते. जुन्याला ते जमत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘थंडीने डिझेल गोठले’ असे आपण सहज म्हणतो. लडाखात तसे खरोखरच घडते. त्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास डिझेल तेथे आणले. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी काही वर्षी दव गोठते. आपल्याकडे मात्र एवढी थंडी नसते. आपल्या ट्रॅक्टरचा दोष बहुधा बॅटरी, ऑइल, हवा किंवा डिझेलमधील पाणी यांत सापडतो.

आदल्या संध्याकाळची तयारी

पहाटेचे निम्मे काम संध्याकाळीच होते.

१) डिझेल टाकी संध्याकाळी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीतील हवेची वाफ रात्री गारठून तिचे पाणी होते व ते डिझेलमध्ये उतरते. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी अधूनमधून काढावे.

२) बॅटरीचे टर्मिनल गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने धुवावेत, कोरडे करून घट्ट आवळावेत आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. प्लेटा बुडतील एवढे डिस्टिल्ड वॉटर ठेवावे. विहिरीचे पाणी घालू नये. रात्रभर विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ व्होल्ट भरले, तर ती निम्मी उतरली असे समजावे. इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची पट्टीही घासून स्वच्छ करावी. पुष्कळदा दोष तेथेच असतो.

३) ऑइल कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे असावे. २० डब्ल्यू ४० किंवा १५ डब्ल्यू ४० सारखे बहुश्रेणी ऑइल थंडीत पातळ राहते.

४) ट्रॅक्टर छपराखाली, सपाट जागी उभा करावा.

सुरू करण्याची पद्धत

गिअर व पी.टी.ओ. न्यूट्रल करावेत, हँडब्रेक लावावा आणि सीटवर बसूनच सुरुवात करावी. क्लच पूर्ण दाबून धरावा. त्यामुळे गिअर बॉक्समधील घट्ट ऑइलचा भार स्टार्टरवर पडत नाही. ट्रॅक्टरला हिटर असल्यास तो १५ ते २० सेकंद तापू द्यावा. काही जुन्या पंपांवर जादा डिझेल सोडण्याचे बटण असते, त्याचा उपयोग करावा.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. नंतर निदान अर्धा मिनिट थांबावे. तीन प्रयत्नांत इंजिन पकडत नसेल, तर बॅटरी संपवू नये. खाली उतरून धुराड्याकडे पाहावे.

सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. अशा वेळी बॅटरी, हिटर किंवा कॉम्प्रेशन तपासावे. धूर मुळीच नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. कॉक उघडा आहे का पाहावा, मग फिल्टरवरील एअर स्क्रू सैल करून हातपंप दाबावा. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली, की स्क्रू आवळावा. नंतर पंपाचीही एअर काढावी. नोझलच्या धारेसमोर हात कधीही धरू नये. ती कातडीत शिरते.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात कूलंट नसून साधे पाणी असेल, तर ते काढून हाताला सोसवेल एवढे गरम पाणी घालता येते. उकळते पाणी ओतल्यास गार ब्लॉकला तडा जाऊ शकतो. जुन्या आयशरसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला हा उपाय लागू नाही.

इंजिन सुरू झाल्यावर ऑइल प्रेशर लगेच पाहावे. तीन ते पाच मिनिटे मंद गतीवर चालवावे, मगच ट्रॉली किंवा फवारणी पंप जोडावा.

हे कधीही करू नका

चेंबरखाली पऱ्हाट्या पेटवू नका. डिझेल व ऑइलचे ओघळ पेट घेतात आणि ट्रॅक्टरसकट गोठा जळू शकतो. हवेच्या वाटेत पेट्रोल टाकू नका. हिटर चालू असेल तर भडका उडतो. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातील विषारी वायू जिवावर बेततो.

आणि सर्वांत महत्त्वाचे: जमिनीवर उभे राहून पान्याने स्टार्टरचे टर्मिनल जोडू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर इंजिन पकडताच तो पुढे धावतो, आणि मागचे मोठे चाक समोर उभ्या माणसावरूनच जाते. सरकण्यास वेळ मिळत नाही. किल्लीचा स्विच बिघडला असेल, तर तो आजच बदला. माणसाच्या जिवापुढे त्याची किंमत काहीच नाही. ट्रॅक्टर मुलाच्या किंवा गड्याच्या हाती देत असाल, तर ही गोष्ट त्यालाही सांगा.

बंधूंनो, जुना ट्रॅक्टर टाकून द्यायची घाई नको. एचएमटीचे ट्रॅक्टर उत्पादन बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तरी त्याचे अनेक ट्रॅक्टर आजही शेतात राबत आहेत, ते निगेमुळेच. मात्र दररोज धक्का मारूनच सुरू होणारा ट्रॅक्टर दुरुस्ती मागतो आहे, हे ओळखावे. रब्बीची घाई सुरू होण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, चांगल्या मिस्त्रीकडून बॅटरी, स्टार्टर, नोझल व व्हॉल्व्हचे अंतर तपासून घ्यावे. म्हणजे पौषातल्या पहाटे आपण वेळेवर बागेत असाल.