रिफ्रेन : लगाम आणि ध्रुपद

इंग्रजीतील ‘रिफ्रेन’ हे क्रियापद मुळात घोड्याच्या तोंडचे. लॅटिनमध्ये ‘फ्रेनुम’ म्हणजे लगाम आणि ‘रेफ्रेनारे’ म्हणजे लगाम खेचून आवरणे. तेथून ते जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. जिभेखालच्या पातळ पडद्याला शरीरशास्त्रात ‘फ्रेन्युलम’ म्हणतात, तोही याच लगामाचा धाकटा अवतार. १६११ च्या किंग जेम्स बायबलात या क्रियापदाला थेट कर्म लागते : माणूस आपली जीभ आवरतो, पावले आवरतो, योसेफाला तर स्वतःलाच आवरता येत नाही. पुढे कर्म गळाले, ‘फ्रॉम’ चिकटले आणि अमुक गोष्ट न करणे एवढाच अर्थ उरला. ‘रिस्ट्रेन’ने दुसऱ्यालाही धरून ठेवता येते, ‘रिफ्रेन’ ज्याचे त्यानेच पाळायचे. सभागृहांतील सूचनांनी मात्र त्याला पार मिळमिळीत करून टाकले आहे.

गाण्यातले ‘रिफ्रेन’, म्हणजे ध्रुपद, वेगळ्या कुळातले. त्याचे मूळ ‘फ्रांगेरे’, म्हणजे मोडणे. फ्रॅक्चर आणि फ्रॅक्शन हे त्याचे सोयरे. कडव्याचा ओघ ठरावीक जागी मोडते ते रिफ्रेन. मराठीने त्याच ओळीला ‘ध्रुव’, म्हणजे अढळ मानले.

हे मोडणे ऐकावे ते एडगर ॲलन पोच्या ‘द रेव्हन’मध्ये. कविता १८४५ ची. पुढच्याच वर्षी ‘द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन’ या लेखात पोने तिचा हिशेब मांडला : ध्रुपद एकाच शब्दाचे हवे, त्यात लांबणारा ‘ओ’ आणि ‘र’ हवा; मग तो शब्द घोकायला बोलता पण विचार न करणारा जीव हवा. आधी पोपट सुचला, नंतर डोमकावळा. इतक्या शिस्तीत कविता जन्मते यावर विश्वास बसणे कठीण, पण कान कुठे लावायचा ते या लेखातून नेमके कळते.

अठरा कडव्यांपैकी शेवटची अकरा ‘नेव्हरमोअर’वर संपतात. प्रथम ते पक्ष्याचे नाव वाटते, मग कुठल्याशा मालकाकडून उचललेली पोपटपंची. पक्ष्याला दुसरे काही येत नाही हे उमगूनही शोकाकुल निवेदक प्रश्न वाढवत नेतो. मेलेली प्रेयसी परलोकी भेटेल का, असे तो विचारतो तेव्हा तोच शब्द निकाल होऊन पडतो. कविता म्हणून दाखवणारे बहुधा दर वेळी तो एकाच घोगऱ्या सुरात ओढतात आणि ही सारी चढण सपाट करतात. शेवटच्या कडव्यात तर पक्षी बोलतच नाही. ‘नेव्हरमोअर’ निवेदक स्वतःच म्हणतो, तेही स्वतःच्याच आत्म्याविषयी.