दार बंद, कपाट उघडं



मी कवी माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. लॅपटॉपच्या पासवर्डवर रेडिओवर बोलणार आहे, असं घरी सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. बेगम म्हणाली, "तुमच्या कविता चोरायला कोण येणार आहे? विकत घेणारेच चार!" तुम्हीही हसलात तरी माझी हरकत नाही. पण पुढची दहा मिनिटं ऐका.

माझ्या लॅपटॉपमध्ये दोन प्रकारचा ऐवज आहे. एक माझ्या कविता. त्या चोरीला गेल्या तर चोराला फारसा लाभ नाही आणि मराठी साहित्याचीही मोठी हानी नाही. दुसरा ऐवज मात्र माझा नाही. गेली कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी मी आमच्या भागातल्या खेड्यांत जातो आणि वयस्कर मुस्लिम बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी उतरवून घेतो. ओवी सांगता सांगता बाई स्वतःचं सांगायला लागते. सासरचा जाच, गेलेलं मूल, नवऱ्यानं मोडलेला संसार. एक म्हातारी मला म्हणाली होती, "लिहून घे बाबा, पर माझं नाव कुठं निघू देऊ नको. सुना आल्यात आता घरात." मी म्हटलं, "नाही निघणार." आमच्या घरच्या बोलीत याला अमानत म्हणतात. मराठीत ठेव. ती वहीत होती तोवर कपाटात कुलूपबंद होती. पुढं डोळे थकले, म्हणून सगळं लॅपटॉपवर टंकून घेतलं, नावागावांच्या यादीसकट. लॅपटॉप सुरू केला की पासवर्ड मागायचा. मला वाटलं, झालं काम.

२०१५ सालची गोष्ट. ईदला माझा भाचा आला होता. तो संगणकाचं शिकलेला. शिरखुर्मा खाता खाता मी माझ्या पासवर्डची बढाई मारली. तो म्हणाला, "मामू, पाच मिनिटं द्या." त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला, लॅपटॉपला लावला आणि यंत्र सुरू होताना एक बटण दाबलं. पडद्यावर माझं नेहमीचं विंडोज आलंच नाही. पेन ड्राइव्हमधली लिनक्स नावाची दुसरीच प्रणाली सुरू झाली. तिच्यातून त्यानं माझी डिस्क उघडली आणि माझी अर्धवट गझल मोठ्यानं वाचायला लागला. मी खजील. तो म्हणाला, "तुमचा पासवर्ड विंडोज विचारतं. मी विंडोजला उठवलंच नाही, तर विचारणार कोण?"

मग त्यानं मला जे समजावलं, ते मला समजलं तसं सांगतो. बटण दाबल्यावर लॅपटॉपमध्ये सगळ्यात आधी विंडोज जागं होत नाही. मुख्य सर्किटवरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो, तो आधी उठतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत त्याचं नाव बायोस, आताच्या यंत्रांत यूईएफआय. लोक अजूनही सवयीनं बायोसच म्हणतात. हा फर्मवेअर घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा. पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो, कळफलक आहे का, पडदा आहे का, मेमरी जागेवर आहे का, हे बघतो आणि मग विंडोजला हाक मारतो. हाक कोणाला मारायची, आतल्या डिस्कला की बाहेरून लावलेल्या पेन ड्राइव्हला, हेही तोच ठरवतो. म्हणून पहिलं कुलूप त्याच्यापाशी लावायचं.

ही कुलपं मुख्यतः दोन. एक असतं फर्मवेअरच्या सेटिंगला. त्याला कोणी सुपरवायझर पासवर्ड म्हणतं, कोणी ॲडमिन पासवर्ड. तो लावला की दुसऱ्या कोणाला हाक मारण्याचा क्रम बदलता येत नाही. दुसरा पॉवर-ऑन पासवर्ड. तो दिल्याशिवाय यंत्र पुढं सरकतच नाही. काही लॅपटॉपांत तिसरं कुलूप खुद्द डिस्कला लावायचीही सोय असते, पण ती सगळीकडे नसते.

लॅपटॉप सुरू करताना लगेच एक ठरावीक बटण दाबलं की हे सेटिंग उघडतं. कुठं एफ-२, कुठं एफ-१०, कुठं एफ-१, कुठं डिलीट. कंपनीप्रमाणे बदलतं. आत 'सिक्युरिटी' असं पान असतं, तिथं पासवर्ड द्यायचा. शिवाय यूएसबीवरून यंत्र सुरू करण्याची सोय बंद करायची. ही दुसरी गोष्ट विसरू नका. काही यंत्रांत पासवर्ड असला तरी सुरुवातीचा पर्यायांचा तक्ता उघडाच राहतो. मी हौसेनं देवनागरीत पासवर्ड द्यायला गेलो, तर भाचा हसला. त्या आजोबांना फक्त रोमन अक्षरं कळतात.

आणि एक बजावून सांगतो. हा पासवर्ड विसरायचा नाही. जुन्या टेबलावरच्या संगणकांत रुपयाएवढी गोल बॅटरी असते. ती काढून थोड्या वेळानं परत घातली की बऱ्याचदा पासवर्ड पुसला जायचा. लॅपटॉपमध्ये बहुधा तसं होत नाही. पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, बॅटरी काढली तरी टिकतो. मग कंपनीकडं खरेदीची पावती घेऊन जावं लागतं. काही लॅपटॉपांच्या माहितीपुस्तिकेत तर सरळ लिहिलेलं असतं की, सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर मुख्य बोर्डच बदलावा लागेल.

तर अशी दोन्ही कुलपं लावून मी तीन वर्षं निवांत झोपलो. २०१८ साली माझा एक कविमित्र अचानक गेला. चाळिसावं-पन्नासावं वय, हृदयविकार. महिन्याभरानं वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या नव्या कविता सगळ्या यातच आहेत. पण हा उघडत नाही." लॅपटॉप सुरू केला तर काळ्या पडद्यावर एक चौकट. पॉवर-ऑन पासवर्ड. माझं ऐकून त्यानंच लावलेला! आम्ही मुलीचं नाव टाकून पाहिलं, गावाचं टाकलं, पहिल्या संग्रहाचं टाकलं. तीनदा चुकलं की यंत्र अडून बसायचं. बंद करून पुन्हा सुरू करायचं, पुन्हा तीनदा चुकायचं. वहिनी म्हणाल्या, "एवढं काय लपवत होते हो?" त्या प्रश्नानं माझ्या पोटात गलबललं. त्यानं काहीच लपवलं नव्हतं. त्यानं फक्त माझा सल्ला ऐकला होता.

शेवटी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानातल्या पोरानं स्क्रू काढले, मागचं झाकण उघडलं, आतली डिस्क बाहेर काढली, एका छोट्या केसमध्ये घातली आणि वायरनं स्वतःच्या संगणकाला जोडली. पंधरा मिनिटांचं काम. पडद्यावर फोल्डर दिसलं, त्यात कविता. वहिनी तिथंच स्टुलावर बसून रडल्या. मीही रडलो.

घरी परतताना मात्र बसमध्ये मला घाम फुटला. जे त्या पोरानं भल्यासाठी केलं, ते चोर करणार नाही का? फर्मवेअरचा पासवर्ड दाराला कुलूप लावतो. आतलं कपाट उघडंच असतं. कपाटच उचलून दुसऱ्या घरात नेलं, तर दाराचं कुलूप काय करणार? माझ्या म्हातारीचं नाव, तिचं गाव, तिचं दुःख, सगळं एका स्क्रू-ड्रायव्हरच्या अंतरावर होतं.

त्या रात्री भाच्याला फोन केला. त्यानं कपाटाचं कुलूप सांगितलं. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. डिस्कवरचा सगळा मजकूर सांकेतिक करून ठेवायचा, म्हणजे डिस्क काढून नेली तरी किल्लीवाचून हाती नुसता गोंधळ. विंडोजमध्ये यासाठी बिटलॉकर आहे, २००७ साली व्हिस्टाबरोबर आलेलं. ॲपलच्या मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट आहे. मॅकची गंमत अशी की, इंटेलची चिप असलेल्या मॅकमध्ये फर्मवेअर पासवर्ड लावता येतो. २०२० पासून ॲपलनं स्वतःच्या चिपचे मॅक आणले, त्यांत तो पासवर्डच नाही. तिथं भरवसा फाइलव्हॉल्टवर. अलीकडच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपांत एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. तुमच्याकडं काय आहे, ते एकदा पाहून घ्या.

ही किल्ली ४८ अंकांची. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये काही बदललं, तर बिटलॉकरला संशय येऊन तो ती मागू शकतो. तेव्हा आधी किल्ली लिहून ठेवा, मगच सेटिंगला हात लावा. मग फर्मवेअरचा पासवर्ड कशाला, असं कोणी विचारेल. तो हवाच. चोराला आयता वापरायला लॅपटॉप मिळत नाही आणि पाठीमागं कोणी सेटिंगशी खेळ करत नाही. दारालाही कुलूप हवं, कपाटालाही हवं.

पण आता वहिनींचा प्रश्न जास्तच मोठा होऊन समोर आला. मित्राच्या कविता मिळाल्या, कारण त्याचं कुलूप अपुरं होतं. माझं कुलूप पुरं आहे. किल्ली माझ्याबरोबर गेली, तर दुकानातलं पोरगं काही करू शकणार नाही.

म्हणून मी दोन्ही पासवर्ड आणि ते ४८ अंक कागदावर लिहिले. दोनदा ताडून पाहिले. पाकिटात घातले. त्याबरोबर एक चिठ्ठी लिहिली: कवितांचं तुम्हाला हवं ते करा. ओव्या जपा, कोणी अभ्यासाला मागितल्या तर द्या. पण नावांची यादी न वाचता पुसून टाका. मुलीला आणि भाच्याला समोर बसवून हे सांगितलं. अशा गोष्टी घरात बोलायला जड जातात, पण बोललो.

ते पाकीट आता लोखंडी कपाटात, रेशनकार्डाखाली आहे. कपाटाची किल्ली बेगमच्या कमरेला. परवा ती म्हणाली, "म्हणजे शेवटी राखणदार मीच." मी म्हटलं, "हो, तूच."

श्रोतेहो, तुमच्याही लॅपटॉपमध्ये कोणाची तरी ठेव असेल. आज सवड काढून कुलूप बघा, आणि किल्ली कोणाला ठाऊक आहे, हेही बघा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)