गर्भ राहिल्यानंतरचा हिशेब

(अंबाजोगाई येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या योगेश्वरीला अंबाजोगाईत सारा मुलूख आई म्हणून हाक मारतो, ती देवी कुमारिका आहे. परळीच्या वैजनाथाशी ठरलेल्या तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, अशी कथा आहे. त्याच देवीची ओटी भरायला आलेल्या सुनेला मूल नसले, तर तिला वांझ म्हणताना मात्र कोणाची जीभ अडखळत नाही. बीड जिल्ह्यात बालविवाहाचे प्रमाण मोठे. विशी उलटण्याआधीच विचारणा सुरू होते. वंध्यत्वाच्या उपचारांची बाजारपेठ पोसली जाते ती या धाकावर.

उपचारांना विरोध करण्याचे कारण नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून मुंबईत टेस्ट ट्यूब बालक जन्मले, ते महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात. पुढे हे तंत्र बहुतांशी खाजगी दवाखान्यांच्या हाती गेले. आयुष्मान भारत योजनेत हे उपचार बसत नाहीत. खर्च भागतो तो दागिने मोडून वा व्याजाने पैसे काढून. आणि कर्जाच्या पैशात एकच प्रयत्न परवडणार असेल, तर एकाऐवजी दोन-तीन भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा मोह डॉक्टरला होतो, कुटुंबालाही होतो. जुळे राहिले की घरात पेढे वाटले जातात. त्या जुळ्यांबरोबर आईच्या वाट्याला वाढता रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव यांची वाढीव शक्यता येते, हे कोणी सांगत नाही.

एकच गर्भ असला तरी धोका सर्वस्वी टळत नाही. अशा गर्भारपणात वार खाली सरकलेली असण्याचे व रक्तदाब चढण्याचे प्रमाण अधिक आढळते; दुसऱ्या स्त्रीचे बीज वापरले असल्यास रक्तदाबाचा धोका आणखी वाढतो. यातला काही भाग उपचाराचा, काही वाढत्या वयाचा, तर काही मूळ वंध्यत्वाच्या कारणांचा. हा वाटा नेमका वेगळा काढता येत नाही, म्हणून धोकाच नाही असे ठरत नाही. त्यातच महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. ज्या शरीरात शिल्लकच नाही, त्याला रक्तस्राव सोसवेल कसा?

खाजगी दवाखान्याचा हिशेब बहुधा गर्भ राहिल्याच्या चाचणीबरोबर पुरा होतो. यशाची टक्केवारी जाहिरातीत जाते. आठव्या महिन्यात झटके येऊ लागले, की पैसे संपलेले कुटुंब सरकारी रुग्णालयाची वाट धरते. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असो वा दुसरे कोणते, रक्ताची पिशवी तेथे सार्वजनिक पैशातून येते. नफा खाजगी आणि जोखीम सार्वजनिक, हा अर्थव्यवहार साखरेपासून विजेपर्यंत परिचित आहे. येथे जोखमीच्या रकान्यात बाईचा जीव आहे.

कायद्यानेही हा रकाना कोराच ठेवला. २०२१ च्या दोन कायद्यांनी बीज देणाऱ्या स्त्रीला १२ महिन्यांचे आणि सरोगेट मातेला ३६ महिन्यांचे विमासंरक्षण दिले, ते योग्यच झाले. पण उपचार घेऊन स्वतःच्याच उदरात मूल वाढवणाऱ्या स्त्रीसाठी तशी तरतूद नाही. जणू पत्नीने पत्करलेला धोका हा तिच्या संसाराचाच भाग!

ज्या जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली, तेथे गर्भाशयाच्या व्यवहारावर नजर ठेवण्याची गरज वेगळी पटवावी लागू नये. गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ साली हे उपचार मोफत सुरू केले. मराठवाड्यातील शासकीय महाविद्यालयांकडून तीच मागणी करणे अवास्तव नव्हे.

तोवर कार्यकर्त्यांना एक काम करता येण्यासारखे आहे. किती भ्रूण सोडले, बीज स्वतःचे की दुसरीचे, कोणती औषधे दिली, याचा मराठीत लिहिलेला कागद दवाखान्याने स्त्रीच्या हाती द्यावा, असा आग्रह धरावा. रक्तदाबाचा धोका जास्त असलेल्या गर्भवतीला डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. ती शक्यतो सोळाव्या आठवड्याआधी सुरू व्हावी लागते. पण नावनोंदणी करणाऱ्या परिचारिकेला गर्भ कसा राहिला हेच ठाऊक नसते, कारण घराने ते लाजेपोटी लपवलेले असते. तो कागद तिसऱ्या महिन्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचला पाहिजे.