वाचणारे अनेक, बेरीज एकाची



संगणकाची भाषा हा आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचा प्रांत नव्हे. परंतु हजेरीपट संगणकात गेले, तेव्हा हिशेब मागणाऱ्यालाही तिकडे जाणे भाग पडले. पन्नाशी उलटल्यावर आम्ही 'गो' ही भाषा आपली आपणच शिकलो. गूगलमधील ग्रीझमर, पाइक आणि थॉम्प्सन यांनी रचलेली ही भाषा २००९ साली जगापुढे आली.

काम साधे होते. प्रत्येक खात्याच्या हजेरीच्या फायली वाचून जादा कामाच्या तासांची बेरीज करायची. फायली एकामागून एक वाचल्या तर वेळ जातो कुठे? आकडेमोडीत फारसा नाही. डिस्कवरून मजकूर येण्याची वाट पाहण्यात. तोवर आपला प्रोग्रॅम हाताची घडी घालून बसतो. 'गो'मध्ये अनेक वाचणारे एकदम कामाला लावता येतात. त्यांना गोरुटीन म्हणतात. एक खोळंबला की दुसरा पुढे सरकतो. मुंबईच्या गिरण्यांत एका विणकराच्या गळ्यात दोनांऐवजी तीन माग बांधू पाहिले, हे १९२८ च्या मोठ्या संपाचे एक कारण होते. माणूस थकतो म्हणून आम्ही भांडलो. यंत्राबद्दल आमची तक्रार नाही.

पण आम्ही फसलो. सारे वाचणारे एकाच बेरजेत आपापला आकडा मिळवीत होते. एकाने १०० वाचले, त्यात ८ मिळवले. ते लिहिण्याआधीच दुसऱ्यानेही १०० च वाचून ६ मिळवले. पहिल्याने १०८ लिहिले, त्यावरच दुसऱ्याने १०६ लिहिले. कुणा कामगाराचे आठ तास नाहीसे झाले! प्रोग्रॅम दोनदा चालवला, तर बेरजा दोन. तो कागद मालकापुढे ठेवला असता, तर आमचा खरा दावाही खोटा ठरला असता.

उपाय भाषेतच होता. टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या विचारातून आलेली 'चॅनेल' ही सोय. वाचणाऱ्यांनी आकडा चॅनेलमध्ये टाकावा. बेरीज एकानेच करावी. वाचणारेही मोजकेच ठेवावेत, कारण एका वेळी उघडायच्या फायलींना मर्यादा असते. जी फाईल वाचता आली नाही, तिचे नाव मुकाट्याने गाळू नये, छापावे. अशी टक्कर हुडकणारा तपासनीसही २०१३ पासून या भाषेसोबत मिळतो.

युनियनची वर्गणी दहाजण गोळा करतात, पण जमेच्या वहीत लेखणी एका खजिनदाराचीच चालते. हे आम्हांला तीस वर्षे ठाऊक होते. यंत्रापुढे बसताच विसरलो. वेग हवाच, मित्रहो. पण ज्याच्या घामाचा हिशेब आहे, त्याचा एक तासही त्या घाईत हरवता कामा नये.