किंमत विचारलीत, वैरणीचं काय?

वेळ थोडा आहे, तेव्हा मुद्द्यालाच हात घालतो. लढाऊ विमानं घेताना ती सांभाळण्याचा हिशेब खरेदीच्या आधी व्हायला हवा. आधी, सही झाल्यावर नव्हे.

बाजारात म्हैस घेणारा शेतकरी नुसती किंमत विचारून थांबत नाही. वैरण घरची की विकतची, जनावरांचा डॉक्टर गावात की तालुक्याला, भाकड काळ किती, हे सारं दावं हातात घेण्याआधी त्याच्या मनात मांडून झालेलं असतं. बिझनेस केस अॅनालिसिस म्हणतात ते हेच. विमानांचे सुटे भाग आपण साठवायचे, देखभाल कंपनीवर सोपवायची, की दोघांनी वाटून घ्यायची? प्रत्येक वाटेचा तीस-चाळीस वर्षांचा खर्च मांडायचा, धोका मांडायचा आणि मग ठरवायचं.

सुखोई-30 चं बघा. पहिला करार 1996 चा. 2015 साली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी सांगितलं, की ताफ्यातली निम्म्याच्या आसपास विमानंच उडण्याजोगी आहेत. म्हणजे वैरण चार म्हशींची आणि दूध दोघींचं! मोठी अडचण सुट्या भागांची. नाशिकजवळ ओझरला ओव्हरहॉलची सोय आहे, कसबी हात आहेत. पण रशियाहून भागच आला नाही तर विमान हँगरमध्ये उभं. रशियन कंपन्यांशी सुट्या भागांचे दीर्घ मुदतीचे करार झाले ते मार्च 2017 मध्ये. वीस वर्षं उलटल्यावर! म्हणून पुन्हा सांगतो, आधी.

राफेलच्या वेळी हे शहाणपण दिसलं. सप्टेंबर 2016 च्या खरेदीतच 36 विमानांपैकी 75 टक्के सज्ज ठेवण्याची हमी मागून घेतली. चारांतल्या तीन दुभत्या. अर्थात अशी हमी काही वर्षांपुरतीच असते. ती संपली की पुढे दर कोण ठरवणार, आपल्या तंत्रज्ञांच्या हाती तोवर किती विद्या आलेली... असो, घड्याळ पुढे सरकतंय.

एक मात्र बजावतो. निर्णय आधी ठरवून त्याला साजेसे आकडे जुळवायचे, ही धूळफेक झाली. काय गृहीत धरलं ते कागदावर लिहा, आणि दर काही वर्षांनी तो कागद पुन्हा उघडा.

आणि तुम्ही, श्रोतेहो, विमानखरेदीचा आकडा वाचून नुसते भारावू नका. आपल्या खासदाराला एक पत्र टाका आणि विचारा, यात सांभाळण्याचा खर्च धरलाय का?