खुष्कीचा लांबचा प्रवास : निघण्यापूर्वी



आपली गाडी घेऊन खुष्कीच्या मार्गाने परदेशी जावे, ही हौस आता केवळ धनिकांची उरलेली नाही. तेव्हा तिच्या तयारीविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असा विचार आहे. व्याख्यान ऐकून कोणी घर सोडते काय, असे आपण विचाराल. सोडते! १९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच गृहस्थाचे भाषण झाले. हा मनुष्य युरोपातून पायी हिंदुस्थानात आला होता. त्या भाषणाने बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबच्या काही पारशी तरुणांच्या मनात जगप्रवासाचे वेड शिरले, आणि १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण सायकलींवरून मुंबईहून निघाले. बलुचिस्तान, इराण, इराक करीत ते युरोपात पोहोचले. पुढे अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश. सुमारे ७१,००० किलोमीटरचा हा फेरा मार्च १९२८ मध्ये संपला, तेव्हा तो पुरा करणारे तिघेच होते : अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा.

त्यांना शरीर कमवावे लागले. आपल्याला कागद कमवावे लागतात. मुंबईपासून इराणच्या वेशीपर्यंत त्यांना परका मुलूख लागला नाही. आज पंजाबातच वाट अडते. अटारीची चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद करण्यात आली. म्हणून अलीकडचे प्रवासी नेपाळ व तिबेटमार्गे मध्य आशियात उतरू लागले. परंतु ८ जुलै २०२५ रोजी नेपाळ-चीन सीमेवरील रसुवागढीचा मैत्री पूलच पुरात वाहून गेला. पाणी रस्ता कसा तोडते, हे चामटोलीकरांना मी काय सांगावे! २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस सुमारे एक हजार उतारूंसह येथेच पाण्यात अडकली होती. कोल्हापूरला निघालेल्या त्या माणसांना सकाळी चामटोली पाहावी लागेल, असे कोणाच्या स्वप्नात होते? तात्पर्य इतकेच की नकाशावर एकच रेघ ओढून निघू नये. दुसरी वाट, आणि ती लांबली तर लागणारा पैसा व रजा, या तिन्हींचा हिशेब घरीच व्हावा.

आता कागदांकडे वळतो. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आपल्या भागातील माणसाला कल्याणच्या परिवहन कार्यालयातून मिळतो. त्याची मुदत एक वर्ष, आणि मूळ परवाना सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही. चीनमध्ये तोही चालत नाही. तेथे तात्पुरता चिनी परवाना, तात्पुरती नंबरपाटी आणि सोबत तिकडचा मार्गदर्शक लागतो. त्याचा खर्च एकट्यादुकट्याला झेपत नाही, म्हणून लोक टोळीने जातात. गाडीच्या मागे देशाची खूण म्हणून 'आयएनडी' ही अक्षरे लावावी लागतात, तेवढे काम मात्र फुकटात होते.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे कार्ने. आपल्याकडे याविषयी अज्ञान फार आहे, म्हणून थोडे थांबतो. परक्या देशात गाडी नेली की तेथील जकातखात्याला शंका येते की हा मनुष्य गाडी येथेच विकून जाईल आणि आयातकर बुडवील. त्यावर हमी म्हणून हे पुस्तक असते. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, ही १९१९ सालची संस्था, ते देण्याचे काम करीत आली आहे. त्याचे एकेक पान तीन भागांचे. प्रवेशाच्या वेळी एक तुकडा जकातवाले फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा; तिसरा शिक्क्यांसह पुस्तकात राहतो. सगळ्या देशांना ते लागत नाही. नेपाळला आपल्या गाडीला तेथील भन्सारची पावती पुरते. परंतु जेथे लागते तेथे बाहेर पडतानाचा शिक्का राहिला, तर कागदोपत्री गाडी त्या देशातच राहिली! मग कराची मागणी मागाहून घरी येते.

या हमीपोटी गाडीची किंमत व वाटेतील देश पाहून अनामत घेतली जाते. माझ्या मते अशा प्रवासाचा खरा विचार येथे सुरू होतो. ही रक्कम खर्च होत नाही, पण वर्षभर अडकून पडते. घरात मुलीचे शिक्षण असेल, वडिलांचे आजारपण असेल, तर त्या वर्षी ती रक्कम हाताशी नाही, हे घरच्यांपुढे स्पष्ट मांडले पाहिजे. इंजिनाचे तेल कोणते, याची चर्चा तासन्‌तास करणारे बहाद्दर ही गोष्ट मात्र बायकोला निघण्याच्या आदल्या रात्री सांगतात. हे मला गैर वाटते.

कागद ठेवावेत कोठे? योगेश आळेकरी हा मराठी मोटारसायकलस्वार २०२५ मध्ये मुंबईहून निघून अनेक देश ओलांडून इंग्लंडात पोहोचला, आणि नॉटिंगहॅममध्ये ऑगस्टअखेर त्याची गाडी चोरीला गेली. तीबरोबर पासपोर्टही गेला. तेव्हा पासपोर्ट व कार्ने अंगावर, नकला सामानात, आणखी एक संच घरी. कार्नेवर चालणारी गाडी चोरीला गेल्यास प्रथम पोलिसांचा दाखला घ्यावा. तो नसेल तर गाडीही गेली आणि अनामतही धोक्यात, अशी गत व्हायची.

परतल्यावरही एक काम उरते. गाडी आपल्या जकात अधिकाऱ्यांसमोर उभी करून परत आल्याचा शिक्का घ्यायचा आणि पुस्तक संस्थेकडे जमा करायचे. सगळी पाने जुळली, की मग अनामत मोकळी होते.